सुरुवात कोणत्या शब्दाने करावी?

नाशिककरांना उद्घाटनं नवी नाहीत. कोनशिला, नारळ, फीत, दीपप्रज्वलन, सगळं आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण त्याच कार्यक्रमाची पत्रिका इंग्रजीत छापायची वेळ आली की समितीत वाद सुरू होतो. 'स्टार्ट' लिहायचं, 'बिगिन', 'कमेन्स', 'इनॉग्युरेट' की 'लाँच'? कोश उघडला तर सगळ्यांपुढे जवळजवळ एकच अर्थ: आरंभ करणे, सुरू करणे. मग जो शब्द भारदस्त वाटेल तो आपण उचलतो. आज आपल्याला एवढंच बघायचं आहे, की हा प्रश्न भारदस्तपणाचा नाही. श्रेय कोणाचं, जबाबदारी कोणाची आणि हक्क कोणत्या दिवसापासून, या गोष्टी सुरुवातीच्या शब्दावर ठरत आलेल्या आहेत.

आधी घरचा हिशेब बघू. मराठीत मूल अक्षरांचा श्रीगणेशा करतं, नाटकाची नांदी होते, घराची पायाभरणी होते, चळवळीची मुहूर्तमेढ रोवली जाते. सभेला प्रारंभ होतो, पण पाऊस सुरू होतो. पावसाचं उद्घाटन कोणी करत नाही. म्हणजे कर्ता आहे की नाही, विधी आहे की नाही, हा भेद आपली भाषाही पाळते.

आम्हा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तर हा वाद पहिल्याच शब्दापाशी भेटतो. ब्रह्मसूत्रांचा पहिला शब्द 'अथ', योगसूत्रांचाही 'अथ'. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात 'अथ' म्हणजे 'येथून विषयाला आरंभ'. ब्रह्मसूत्रांवर लिहिताना शंकराचार्य मात्र सांगतात की इथे 'अथ'चा अर्थ आरंभ नव्हे, आनंतर्य. म्हणजे 'आधी काही घडलं आहे, त्यानंतर'. शब्द एकच, पण एक अर्थ पुढे बघतो आणि दुसरा मागे. हा भेद ध्यानात ठेवू या, पुढे कामाला येईल.

आता इंग्रजीकडे वळू. 'बिगिन' हा अँग्लो-सॅक्सन, घरातला शब्द. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली, तिच्याबरोबर 'कमेन्स' आला आणि तो कायम कागदपत्रांच्या अंगणात राहिला. 'स्टार्ट'चा जुना अर्थ उडी मारणे, दचकणे. स्थिर असलेलं एकदम हलतं, म्हणून मोटार 'स्टार्ट' होते, 'बिगिन' होत नाही. 'इनॉग्युरेट'मध्ये रोमचे 'ऑगर' बसले आहेत. पक्ष्यांच्या उड्डाणावरून शकुन सांगणारे ते पुरोहित. म्हणजे आपला मुहूर्तच की! 'लाँच'चं नातं भाला फेकण्याशी आहे; पुढे जहाज पाण्यात लोटणे हा अर्थ रूढ झाला. हातातून सुटल्यावर वस्तूने आपलं आपण चालायचं, हे त्यात गृहीत आहे. आणि 'फाउंड' म्हणजे पाया घालणे. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. ते 'लाँच' झालं असं म्हणून बघा, कानाला खटकतं. संस्था स्थापन होते, कारण तिने टिकायचं असतं.

हे शब्द आपल्याकडे कोशांतून आले, आणि गंमत म्हणजे त्यांतला एक शब्द कोशाच्या मुखपृष्ठावरच आहे. १८४७ साली मुंबई सरकारसाठी इंग्रजी-मराठी कोश छापला गेला. त्याचा आराखडा करून काम आरंभलं मोल्सवर्थ यांनी, ते पुढे चालवून पुरं केलं कँडी यांनी. दोघांच्या कामाची वाटणी मुखपृष्ठावर क्रियापदांनी नोंदलेली आहे, आणि मोल्सवर्थ यांच्या वाट्याला 'कमेन्स' आला आहे. तिथे 'फाउंड' असतं तर सगळं श्रेय मोल्सवर्थ यांच्याकडे झुकलं असतं. 'कमेन्स'मध्ये शेवटाची अपेक्षा आहे: जे रीतसर आरंभलं ते रीतसर पुरं व्हायला हवं. म्हणून एकाचा आरंभ आणि दुसऱ्याची पूर्तता एकाच पानावर सुखाने नांदतात.

आता कायद्याकडे येऊ. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने 'कमेन्समेन्ट'ची व्याख्याच करून टाकली: कायदा ज्या दिवशी अंमलात येतो तो दिवस. मंजूर झाला तो दिवस नव्हे, छापला गेला तोही नव्हे. आपलं संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं गेलं. अनुच्छेद ३९४ नुसार नागरिकत्व, निवडणूक आयोग अशी मोजकी कलमं त्याच दिवशी लागू झाली. बाकीची २६ जानेवारी १९५० ला, आणि संविधानाचा 'कमेन्समेन्ट' म्हणजे हाच दुसरा दिवस, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. मराठी संविधानात त्याला 'प्रारंभ' म्हटलं आहे.

दोन महिन्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. मुंबईतला एक खटला बघा. केशवन माधव मेनन यांच्यावर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पत्रकावरून १९३१ च्या छापखान्याविषयीच्या कायद्याखाली खटला चालू होता. मध्येच संविधान आलं. त्यांचं म्हणणं, आता अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा जुना कायदाच रद्द ठरतो. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की विसंगत कायदा रद्दबातल होतो तो प्रारंभापासून पुढे. आधीच्या कृत्याबद्दलचा खटला चालू राहू शकतो. दोन न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं. एका माणसाचं स्वातंत्र्य 'सुरुवात कधी' या प्रश्नावर येऊन थांबलं. तिथे 'स्टार्ट' लिहून भागलं नसतं.

याच मोजपट्टीने आपल्या गावाकडे बघू. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, आणि इथे दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते. मंदिराची दारं बंद झाली आणि हा लढा सुमारे पाच वर्षं चालला. याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आता हा इतिहास इंग्रजीत लिहिताना कोणता शब्द घ्यायचा?

'इनॉग्युरेट' लिहिलं तर डोळ्यांपुढे व्यासपीठ येतं आणि दाराबाहेर बसलेली माणसं पुसली जातात. 'लाँच' योग्य आहे, पण तो एका दिवसाचा, सोडून देणाऱ्याच्या बाजूचा शब्द; पाच वर्षं तगून राहणाऱ्यांचं त्यात काही येत नाही. 'बिगिन' म्हणाल तर प्रश्न येतो, खरंच इथेच सुरुवात झाली का? २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं झालं होतं, १९२९ मध्ये पुण्याचा पर्वती सत्याग्रह झाला होता. म्हणजे २ मार्चचा 'अथ' हा शंकराचार्यांचा 'अथ' आहे: आधी काही घडलं, त्यानंतर. आणि 'कमेन्स'? तो इथे लागूच होत नाही. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ ला स्वीकारला, पण तो अंमलात आला २६ जानेवारी १९५० ला. हक्काचा 'कमेन्समेन्ट' तो. लढा आधी सुरू होतो, हक्काचा प्रारंभ मागाहून येतो, आणि मधली वर्षं माणसांनी सोसलेली असतात. दोन्हींना एकच शब्द लावला तर ही वर्षंच गायब होतात.

तेव्हा शब्द निवडताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत. थांबलेलं हललं का? मग 'स्टार्ट'. पुढच्या भागांपैकी हा पहिला आहे का? 'बिगिन'. या तारखेपासून काही मोजायचं, देणं-घेणं ठरवायचं आहे का? 'कमेन्स'. कोणाच्या हस्ते विधी झाला एवढंच सांगायचं आहे का? मग खुशाल 'इनॉग्युरेट' लिहावं. मात्र ज्याच्या हस्ते झालं त्याने ते केलंही, असं त्यातून वाचकाला वाटू देऊ नये. कोनशिलेवर पाहुण्यांचं नाव असतं. भिंत रचणाऱ्यांची नावं शोधणं हे इतिहास लिहिणाऱ्याचं काम आहे.