व्हॉलीबॉल प्रशिक्षक : पात्रतेच्या तीन वाटा

उत्तम खेळाडू आपोआप उत्तम प्रशिक्षक होतो, हा समज क्रीडाक्षेत्रात दीर्घकाळ रुजलेला आहे. व्हॉलीबॉलच्या बाबतीत तो विशेष दिशाभूल करणारा ठरतो. राज्य किंवा विद्यापीठ स्तरावर खेळलेले अनेक तरुण पंचविशीनंतर प्रशिक्षणाकडे वळतात. परंतु कोणत्या प्रमाणपत्राने कोणते दार उघडते, याची नेमकी माहिती नसल्याने त्यांची उमेदीची वर्षे वाया जातात. या क्षेत्रात पात्रतेच्या मुख्यतः तीन वाटा आहेत. त्या एकमेकींना पूरक असल्या, तरी एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही.

प्रशिक्षकाचे काम

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू हातात धरून विचार करण्याची सोय नाही. जास्तीत जास्त तीन स्पर्शांत तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात परतवावा लागतो. सामना सुरू असताना प्रशिक्षकाच्या हाती प्रत्येक सेटमध्ये तीस सेकंदांचे दोन टाइम-आउट आणि सहा बदल्या एवढीच साधने असतात. त्यामुळे त्याचे खरे काम सामन्यापूर्वीच्या महिन्यांत होते. सर्व्हिस स्वीकारण्याची रचना, सेटर आणि आक्रमक खेळाडूंचा मेळ, ब्लॉकची वेळ या गोष्टी सरावातच पक्क्या व्हाव्या लागतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस लिबेरो हा बचावपटू आणि प्रत्येक रॅलीला गुण ही पद्धत आल्यापासून चुकीची किंमतही वाढली आहे.

दुसरी जबाबदारी खेळाडूच्या शरीराची. सतत उड्या मारल्याने गुडघ्यावर आणि वारंवार स्मॅश मारल्याने खांद्यावर ताण येतो. वाढत्या वयातील मुलांकडून प्रौढांइतका सराव करून घेतल्यास दुखापती जडतात आणि गुणी खेळाडू विशीआधीच खेळाबाहेर जातो. शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाचा आग्रह धरला जातो, तो प्रामुख्याने यासाठी.

पहिली वाट : शारीरिक शिक्षण

शाळा-महाविद्यालयांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी बी.पी.एड. आणि त्यापुढे एम.पी.एड. हा रूढ मार्ग आहे. बी.पी.एड. हा पूर्वी एक वर्षाचा असलेला अभ्यासक्रम २०१५पासून दोन वर्षांचा झाला. महाराष्ट्रात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय अशा संस्थांना या शिक्षणाची मोठी परंपरा आहे. राज्याबाहेर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था नावाजलेली आहे.

मात्र या पदवीने शारीरिक शिक्षण शिक्षक तयार होतो, एका खेळाचा तज्ज्ञ नव्हे. अभ्यासक्रमात अनेक खेळांची तोंडओळख असते. व्हॉलीबॉलचा सखोल अभ्यास हवा असेल, तर पुढची पायरी चढावीच लागते.

दुसरी वाट : पतियाळाची पदविका

देशात प्रशिक्षकपदाची सर्वमान्य पात्रता म्हणजे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची क्रीडा प्रशिक्षण पदविका. मैदानावर ‘एनआयएस कोच’ म्हणतात, तो हाच. पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात १९६१मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘साई’च्या अखत्यारीत आहे. सुमारे वर्षभराच्या या अभ्यासक्रमासाठी साधारणतः पदवी आणि ठरावीक स्तरावरील स्पर्धांतील सहभाग आवश्यक असतो. प्रवेशावेळी शारीरिक क्षमता आणि खेळातील कौशल्यही तपासले जाते. शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र, आहार आणि सरावाचे नियोजन या विषयांबरोबर प्रत्यक्ष मैदानावर शिकवण्याचा अनुभव मिळतो. त्यापुढे क्रीडा प्रशिक्षणातील एम.एस्सी.ची सोय आहे.

संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही लोकप्रिय आहे. नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षकांना आणि क्लब चालविणाऱ्यांना तो उपयुक्त ठरतो. पण इथेच अनेकांची फसगत होते. हे प्रमाणपत्र पदविकेच्या तोडीचे नाही. प्रशिक्षकपदाच्या जाहिरातीत पदविका मागितली असेल, तर केवळ सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर अर्ज टिकत नाही. ऑलिंपिक किंवा आशियाई क्रीडा स्पर्धांत खेळलेल्यांना काही वेळा सवलत मिळते. इतरांनी ती गृहीत धरू नये.

तिसरी वाट : आंतरराष्ट्रीय स्तर

जागतिक व्हॉलीबॉल महासंघाची स्थापना १९४७मध्ये पॅरिसला झाली. मुख्यालय आता स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आहे. महासंघाचे प्रशिक्षक अभ्यासक्रम पहिला, दुसरा आणि तिसरा अशा स्तरांत विभागलेले आहेत. पहिला स्तर उत्तीर्ण झाल्याखेरीज दुसऱ्याकडे जाता येत नाही. प्रवेश राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीने मिळतो, त्यामुळे जिल्हा आणि राज्य संघटनेशी संपर्क ठेवणे अगत्याचे ठरते. भारतात चेन्नईच्या विकास केंद्रात असे वर्ग भरत आले आहेत. अध्यापन बहुधा इंग्रजीतून होत असल्याने भाषेची पूर्वतयारी हवी.

हे वर्ग अल्पमुदतीचे असतात. नवे तंत्र आणि डावपेच समजण्यास ते मोलाचे आहेत; पण देशांतर्गत नोकरीसाठी ते पदविकेचा पर्याय ठरत नाहीत. पदविका आधी आणि आंतरराष्ट्रीय स्तर नंतर, हा क्रम म्हणूनच सोयीचा मानला जातो.

संधी आणि सन्मान

‘साई’ची केंद्रे, राज्याच्या क्रीडा खात्यातील क्रीडा मार्गदर्शकांची पदे, रेल्वे, पोलिस व सैन्यदलांचे संघ, विद्यापीठे आणि खासगी शाळा ही या प्रशिक्षकांची कार्यक्षेत्रे. २०२२मध्ये सुरू झालेल्या प्राइम व्हॉलीबॉल लीगने व्यावसायिक संघांचे दालन उघडले असले, तरी तेथील जागा मोजक्याच आहेत. सरकारी भरती अनियमित आणि अनेक नेमणुका कंत्राटी असल्याने केवळ एका प्रमाणपत्राच्या भरवशावर राहणे जोखमीचे ठरते.

असे असूनही या खेळातील गुरूंची दखल राष्ट्रीय स्तरावर घेतली गेली आहे. १९९०मध्ये रमाकांत आचरेकर यांच्यासोबत व्हॉलीबॉलचे ए. रमणा राव द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी ठरले. एम. श्यामसुंदर राव आणि जी. ई. श्रीधरन यांनाही पुढे हा सन्मान लाभला.

निवड करताना

शाळेत स्थिर नोकरी हवी असल्यास बी.पी.एड., पूर्णवेळ प्रशिक्षक व्हायचे असल्यास पदविका आणि वरच्या दर्जाच्या संघांबरोबर काम करायचे असल्यास त्यावर आंतरराष्ट्रीय स्तर, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. खेळत असतानाच पदवी पूर्ण करावी आणि स्पर्धांतील सहभागाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. प्रवेशाच्या वेळी तीच कामी येतात. वयोमर्यादा, शुल्क आणि केंद्रांचा तपशील बदलत असल्याने त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचूनच अर्ज करावा. पालकांनीही पाल्याला वर्गात घालण्यापूर्वी प्रशिक्षकाने किती पदके जिंकली याबरोबरच त्याने प्रशिक्षणाचे शिक्षण कोठे घेतले, हे विचारायला संकोच करू नये.