बाटलीवरची कागदी पट्टी

ज्या काळी ढाणकीसारख्या पैनगंगेच्या खोऱ्यातील गावच्या रुग्णास औषध म्हणजे कंपाउंडरने कालवलेले लालसर मिश्रण आणि त्या बाटलीवर खळीने डकवलेली, मात्रांच्या खाचा कातरलेली कागदी पट्टी एवढेच ठाऊक असे, त्या काळी मिश्रण चुकले तर दाद कोणाकडे मागावी हा प्रश्न मनात उद्भवण्यापूर्वीच नशिबाच्या खाती जमा होई. कायदा नव्हता असे नव्हे. १८६० च्या दंड संहितेतील २७६ वे कलम एक औषध दुसरे म्हणून विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा हजार रुपयांपर्यंत दंड फर्मावीत होते, परंतु कृत्य जाणूनबुजून केलेले असावे अशी त्यात अट, आणि चूक बिचारी अजाणताच घडते! १९४० चा औषध कायदा व १९४८ चा फार्मसी कायदा यांनी परवाना आणि नोंदणी आणली. भरपाईची स्वस्त वाट मात्र १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उघडली. वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला खरा, पण सर्वांस विनामूल्य मिळणारी सरकारी सेवा त्यातून वगळली. ३१ जानेवारी २०२१ रोजी ढाणकीच्याच जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ लशीऐवजी बारा बालकांच्या मुखात सॅनिटायझरचे थेंब पडले, तेव्हा कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, मुले सुदैवाने बचावली. पण लस ही विनामूल्य सरकारी सेवा, त्यामुळे भरपाई मागू पाहणाऱ्या पालकास दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील रिट अर्ज हेच मुख्य मार्ग उरत होते, आणि घाटंजीहून नागपूर काही जवळ नव्हे.