उमेदवारीचे दार

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे पाणी तापविणारा आमच्या घरचा तांब्याचा बंब आजोबांनी पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला होता. लहानपणी त्या आळीतून जाताना ठोक्यांच्या आवाजाने माझ्या कानांना दडे बसत. आत बापाशेजारी मुलगा बसलेला असे. बाप पत्र्यावर ठोका घाली, मुलगा पाही आणि मग स्वतः घाली. किती सुंदर शाळा, असे मला वाटे. त्या शाळेत दुसऱ्या कोणाच्या मुलाला बसू दिले असते का, हा प्रश्न मात्र मनाला कधी शिवला नाही.

तो सुचला फार उशिरा, अमेरिकेतील पत्रा-कारागिरांचा इतिहास वाचताना. या कारागिरांची देशव्यापी संघटना १८८८ साली ओहायो राज्यातील टोलीडो शहरी स्थापन झाली. छपरांच्या पन्हळी आणि इमारतींच्या पत्र्याच्या नक्षीदार कंगण्या हे त्यांचे काम. पुढे मोठ्या इमारतींत हवा खेळविणाऱ्या नळांचे काम त्यात आले. सपाट पत्र्यावर आधी आकृती आखावयाची, घडीसाठी कडेला जागा सोडावयाची, मग कापून, वाकवून, सांधून नळ उभा करावयाचा. आखणीत थोडी चूक झाली तरी सांधा जुळत नाही. हे ज्ञान नुसत्या पुस्तकाने येत नाही. म्हणून तेथे उमेदवारीची रीत आहे. उमेदवार जाणत्या कारागिराच्या हाताखाली काम करतो, वर्गात बसून आखणी आणि गणित शिकतो आणि शिकता शिकता मजुरीही मिळवितो. १९३७ साली उमेदवारीविषयी कायदा होऊन अमेरिकन सरकारने या रीतीला आपला आधार दिला.

गरिबाच्या मुलाला याहून चांगले काय हवे? पण दार कोणासाठी उघडे होते?

न्यूयॉर्कमधील या संघटनेच्या अठ्ठावीस क्रमांकाच्या शाखेची चौकशी राज्याच्या मानवी हक्क आयोगाने केली. १९६४ साली निष्कर्ष निघाला तो असा: या शाखेत एकही काळा सभासद किंवा उमेदवार कधीच नव्हता, आणि उमेदवारी मिळे ती बहुतेक सभासदांच्या वशिल्याने, त्यांच्याच नात्यागोत्यात. प्रवेशपरीक्षा होती, पण तिच्या खास शिकवणीसाठी सभासदांच्या आप्तेष्टांवर संघटनेचा पैसा खर्च होई!

१९७१ साली केंद्र सरकारने दावा लावला. १९७५ साली न्यायालयाने हुकूम दिला की, जुलै १९८१ पर्यंत सभासदांत गोरेतरांचे प्रमाण शेकडा २९ व्हावे. ते झाले नाही. १९८२ साली न्यायालयाच्या अवमानाबद्दल दीड लाख डॉलर दंड झाला, आणि तो गोरेतर उमेदवार वाढविण्याच्या कामी लावावा, असे ठरले. २ जुलै १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे हुकूम कायम केले. आयोगाच्या निष्कर्षापासून या निकालापर्यंत बावीस वर्षे लोटली होती. १९६४ साली अठरा वर्षांचा असलेला तरुण तोवर चाळिशीला आला होता.

त्या कारागिरांना खलनायक ठरविणे सोपे आहे. पण आपली भाकरी आपल्या लेकरांच्या ताटात पडावी असे कोणाला वाटत नाही? मालकाशी झगडून कमावलेली मजुरी जपावी, ही भावना खोटी नव्हे. शिकवणाराही जवळिकीनेच शिकवतो. परक्याला हातचे कसब द्यायला मन मोठे लागते. परंतु भाऊबंदकीच्या प्रेमाने लावलेले दार बाहेरच्याला द्वेषाने लावलेल्या दाराइतकेच बंद असते. आपल्याकडे जातीने तेच केले, आणि आपण त्याला परंपरा म्हणत आलो.

आमचा बंब आता माळ्यावर आहे. दिवाळीला तो खाली काढून चिंचेने घासताना ठोक्यांच्या खुणा बोटांना लागतात. बापाचा ठोका कोणता आणि मुलाचा कोणता, ते ओळखता येत नाही. कसब अंगी मुरले की ते कोणाच्या रक्तातून आले, हे पत्रा सांगत नाही.