शिकारीची नोंद : कायदा, पूर्वपीठिका आणि छत्तीसगडमधील स्थिती

मारल्या गेलेल्या अथवा मृतावस्थेत हाती आलेल्या वन्य प्राण्याची माहिती शासनाला कळविणे, हे वन्यजीव व्यवस्थापनाचे एक मूलभूत अंग आहे. कोणत्या प्रजातीचे किती प्राणी, कोठे आणि कशामुळे मेले, हे समजल्याखेरीज उरलेल्यांच्या संरक्षणाची आखणी करता येत नाही. भारतात छंद म्हणून शिकार करण्यास बंदी असली, तरी अशी माहिती देण्याचे कायदेशीर बंधन संपुष्टात आलेले नाही. नोव्हेंबर २००० मध्ये स्थापन झालेल्या, रायपूर राजधानी असलेल्या छत्तीसगड राज्यात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो.

या प्रदेशाला शिकारीचा मोठा इतिहास आहे. सरगुजा संस्थानच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघांची शिकार सांगितली जाते. शेजारच्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये तीन चित्ते मारले. त्याची माहिती संस्थानातून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळविण्यात आली. भारतातील चित्त्याच्या अखेरच्या खात्रीलायक नोंदींमध्ये तिची गणना होते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. शिकारीची नोंद झाली म्हणून प्रजातीच्या अस्ताचा काळ सांगता येतो. मात्र त्या काळी नोंद ठेवण्याचा हेतू संरक्षण हा नव्हता, ही बाबही यातून स्पष्ट होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. परवानाधारकाने मारलेल्या, जखमी केलेल्या वा पकडलेल्या प्राण्यांची नोंदवही ठेवावी आणि ठरावीक मुदतीत वन विभागाला लेखी कळवावे, असा नियम होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना पद्धतीच रद्द झाली आणि त्याबरोबर ही नोंदवहीही इतिहासजमा झाली.

सध्याच्या कायद्यातील कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी, मानवी जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरलेल्या अनुसूची दोनमधील प्राण्याच्या शिकारीची परवानगी कारणे नमूद करून लेखी आदेशाने देऊ शकतो. अनुसूची एकमधील प्राण्यांबाबत निकष अधिक कठोर आहेत. मृत आढळलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्य प्राणी कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता ठरतो. अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे वर्दी देणे बंधनकारक आहे. अभयारण्यात अथवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकांनी वन विभागाकडे नोंदणी करावी, असे कलम ३४ सांगते.

प्रत्यक्षात या नियमांचे पालन घडवून आणणे सोपे नाही. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी किंवा मांसासाठी वीजप्रवाह सोडलेल्या तारा अंथरल्या जातात. त्यात चितळ, बिबट्या, हत्ती आणि प्रसंगी माणसेही बळी पडतात. तार लावणे हाच गुन्हा असल्याने घडलेला मृत्यू दडविण्याकडे कल राहतो. बस्तरमधील आदिवासींमध्ये ‘पारद’ ही सामूहिक शिकारीची प्रथा आहे. तथापि, वनाधिकार कायदा, २००६ ने मान्य केलेल्या पारंपरिक हक्कांतून शिकार स्पष्टपणे वगळली आहे. परिणामी, परंपरेने शिकार करणाऱ्याने नोंद देणे म्हणजे स्वतःविरुद्ध कबुली देणे ठरते. मृत प्राणी योगायोगाने हाती आलेला ग्रामस्थही चौकशीच्या भीतीने गप्प राहतो.

ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तेथेही शिकाऱ्यांकडून माहिती मिळविणे ही अडचणच होती. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरिण मारल्यावर त्याला परवान्याची खूणचिठ्ठी बांधून दूरध्वनीवरून किंवा संकेतस्थळावर माहिती द्यावी लागते. वॉशिंग्टन राज्यात मुदतीत माहिती न देणाऱ्यास पुढील परवाना घेताना दंड भरावा लागतो, तर लवकर माहिती देणाऱ्यांना विशेष परवान्यांच्या सोडतीत संधी मिळते. शिकार झाली नाही, तरी तसे कळविणे आवश्यक असते. कळविण्याची सोपी सोय, न कळविल्यास निश्चित परिणाम आणि कळविल्यास काही लाभ, अशी ही त्रिसूत्री आहे.

भारतातील परिस्थिती वेगळी असली, तरी यातील तत्त्व लागू पडते. केवळ शिक्षा वाढवून माहिती मिळत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपये झाली. परंतु दंडाच्या भीतीने लपविलेला मृत्यू गणनेत येत नाही. निष्पाप वर्दीदाराला त्रास होणार नाही याची हमी, वनरक्षकापर्यंत पोहोचणारा दूरध्वनी क्रमांक, स्थानिक भाषेत नियमांची माहिती आणि पीक नुकसानभरपाईचा वेळेवर निपटारा या गोष्टींमुळे माहिती देण्याची तयारी वाढू शकते. तसेच कलम ११ खालील प्रत्येक परवानगीसोबत किती प्राणी मारले गेले आणि मृतदेहांची विल्हेवाट कशी लागली, याची नोंद ग्रामसभेसमोर ठेवल्यास गैरवापरालाही आळा बसेल.

अखिल भारतीय व्याघ्रगणनेनुसार छत्तीसगडमधील वाघांची अंदाजित संख्या २०१४ मध्ये ४६, २०१८ मध्ये १९ आणि २०२२ मध्ये १७ होती. इतक्या अल्प संख्येत एका प्राण्याचा मृत्यूही नोंदीबाहेर राहणे परवडणारे नाही. मृत किंवा जखमी वन्य प्राणी दिसल्यास त्याला स्पर्श न करता, आसपासच्या तारांपासून दूर राहून, जवळच्या वन कार्यालयाला अथवा पोलीस ठाण्याला तातडीने कळविणे हाच सुरक्षित मार्ग होय.