परसातली वालपापडी



गेल्या आषाढात आमच्या गल्लीतल्या आठ-दहा जणींनी ठरवलं, प्रत्येकीने घरी निदान दोन भाज्या लावायच्या. अंगण नसेल तर गच्चीवर, गच्ची नसेल तर गॅलरीत. एक जण म्हणाली, "ही आता नवीन फॅशन!" मला हसू आलं. घरी भाजी लावा, हे आपल्याला याआधीही सांगून झालं आहे, आणि दर वेळी आपण ते विसरलो आहोत. कॉमर्स शिकलेय, म्हणून आज तो जुना हिशेब मांडते.

पहिली वेळ महायुद्धाची. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं गेली, मुंबईत रेशनिंग आलं. त्या काळात सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली. इंग्लंड-अमेरिकेतही तेव्हा लोकांनी बागेतली हिरवळ उकरून भाज्या लावल्या. अमेरिकेत अशा सुमारे दोन कोटी बागा झाल्या होत्या म्हणतात. युद्ध संपलं आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा हिरवळ आली.

दुसरी वेळ १९६५ ची. पाकिस्तानशी युद्ध चाललेलं, गहू अमेरिकेतून यायचा. तेव्हा लालबहादूर शास्त्रीजींनी आठवड्यातून एकदा, सोमवारी, संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं आणि स्वतःच्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवला. मी तेव्हा लहान होते. आई सांगायची, आपल्या बायकांना एकवेळच्या जेवणाचं काहीच वाटलं नाही, एकासण्याची सवय होतीच!

१९७२ चा दुष्काळ मात्र मला चांगला आठवतो. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे. बाजारात भाजी दिसेना. पण आमच्या न्हाणीचं पाणी परसात जायचं आणि त्यावर एक वालपापडीचा वेल जगला होता. आठवड्यातून दोनदा त्या शेंगांची भाजी व्हायची. आई शेजारच्या दोन घरी वाटीभर द्यायची, मगच आमच्या ताटात यायची.

लग्न होऊन नंदुरबारला आले, तर सासूबाईंच्या परसातही वाल, दोडके, गिलके, कढीपत्ता. दर वर्षी त्या पहिल्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि बी राखेत घोळवून बरणीत ठेवायच्या. पुढे मुलं मोठी झाली, जागा पुरेना, परसात खोली बांधली. सासूबाई गेल्यावर फडताळ आवरताना ती बरणी मीच रिकामी केली. भाजी बाजारात मिळते, बी कशाला सांभाळायचं, असं वाटलं. कितीतरी वर्षं ज्या वेलाने घर जेवलं, तो मी पाच मिनिटांत संपवला. हे आजही मनाला लागतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. मिरचीसाठी आपलं नाव दूरवर आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांचं वजन कमी निघालं. म्हणून अंगणवाड्या आणि 'उमेद'चे बचत गट पोषण परसबागा लावायला सांगतात. घरामागे थोडी जागा, सांडपाणी वळवायचं, एका वाफ्यात पालेभाजी, एकात शेंगा, कडेला शेवगा आणि पपई. म्हणजे आईचंच परस!

या वेळी मला एक आशा दिसते, ती बियांमुळे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं घरात जपलं, वाटलं, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विकतचं संकरित बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही. गावठी बी उगवतं, आणि शेजारणीच्या हातातही देता येतं. माझा वालही असाच परत आला. धडगावकडच्या एका भाजीवालीला सहज विचारलं, तर तिने पुढच्या बाजारी मूठभर बी आणून दिलं. पैसे घेईना. म्हणाली, "ताई, बीचे काय पैसे? तुला आले की दुसरीला दे."

एकीने विचारलं, माती उकरायची, पाणी घालायचं, यात जीवहिंसा नाही का? प्रश्न खरा आहे. पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याच्या धंद्याबद्दल सांगितलं आहेच. पण ऋषभदेव भगवंतांनी लोकांना असी, मसी याबरोबर कृषीही शिकवली. निवाडा महाराज साहेबांना विचारावा, मी देणारी कोण? माझ्यापुरतं एवढंच, की विकतच्या भेंडीवर कोणी किती औषध फवारलं ते माझ्या वहीत दिसत नाही, पण खर्ची पडलेलं असतंच. घरी मी औषध मारत नाही. पानांवर राख टाकते, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालते, पानं उलटून बघूनच शेंग तोडते. चातुर्मासात पालेभाजी नाही, म्हणून आषाढात वेली लावल्या. पालक-मेथी कार्तिकी पौर्णिमेनंतर.

गंमत म्हणजे दोडके-गिलके भरात आले ते नेमके पर्युषणात, जेव्हा आपल्या घरात हिरवं बंद! आठही दिवस टोपली शेजारी, कामवाल्या ताईंकडे आणि अंगणवाडीत गेली. सासूबाईंची टोपलीही याच दिवसांत बाहेर जायची, ते मला इतक्या वर्षांनी आठवलं.

यंदा पहिल्या शेंगा मी वेलावरच वाळवल्या. बरणी भरली आहे. ज्यांना बी हवंय त्यांनी घरी यावं. पैसे घेणार नाही, फक्त पुढच्या वर्षी आणखी एकीला द्यायचं.