वाळव्याची मैना: जुन्या साच्यातलं नवं गाणं

मागच्या वेळी आपण पठ्ठे बापूरावांपाशी थांबलो होतो. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, तमाशात गेले आणि लावणीकार झाले. आज त्याच वाळवा तालुक्यात, वाटेगावला जायचंय, अण्णा भाऊ साठ्यांकडे. जन्म १९२० चा. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, सांगली पुढे वेगळी झाली.

लढ्याचं गाणं लिहायचं कसं? घोषणेला चाल लावली की गाणं होत नाही, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी ‘माझी मैना’साठी छक्कड घेतली, लावणीचाच एक प्रकार. विषयही जुना, विरहाचा. पण लावणीत विरह बहुधा बाईच्या तोंडी असतो. इथं बोलतो तो पुरुष, बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईला आलेला. गिरणगावात समोर बसलेल्या कितीजणांची हीच कथा! अण्णा भाऊ स्वतः लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबईला आलेले. आधी मैनेचं रूप, तिचा निरोप, मग मुंबईतली श्रीमंती नि बेकारी, आणि ऐकणारा पुरता गुंतला की बेळगाव, कारवार येतात. बायकोची ताटातूट आणि मुलखाची ताटातूट एकच होऊन जाते, वेगळं समजावावं लागत नाही.

गणाचंही तसंच. तमाशात आधी गणपतीला वंदन. त्यांनी वंदनाची जागा राखली, गणपतीऐवजी मातृभूमी नि हुतात्मे आणले. तो साचाच मोडला असता, तर जत्रेतला माणूस उठून गेला असता, असं आम्हाला वाटतं.