यार्देनपलीकडचे गीत आणि फुंकवाद्यांचा बँड

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, त्याच वर्षी गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि १८६७ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांच्या गीतांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. विल्यम ॲलन, चार्ल्स वेअर आणि ल्यूसी गॅरिसन या गोऱ्या संपादकांनी प्रस्तावनेतच एक प्रांजळ कबुली देऊन ठेवली आहे : हे गायन स्वरलिपीच्या पाच रेषांत मावत नाही. एक जण पुढे होऊन ओळ म्हणतो, बाकीचे तिला उत्तर देतात. दोघांचे गाणे कधी हुबेहूब सारखे नसते, तरी सारे मिळून एक होते. आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि मधल्या जागेला संगीतशास्त्रात नाव नसते.

‘स्पिरिच्युअल’ या नावाने ओळखली जाणारी ही गीते कोणी एकाने रचली नाहीत. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना अक्षरओळख करून देणे हा गुन्हा होता. त्यामुळे बायबल त्यांच्यापर्यंत आले ते कानांवाटे, आणि त्यातून त्यांनी आपले तेवढे नेमके उचलले : मोशे, सिंहांच्या गुहेतला दानिएल, यार्देन नदी. यार्देन म्हणजे मृत्यूची सीमा, तिच्या पलीकडे स्वर्गीय घर. पण ओहायो नदीपलीकडे गुलामगिरी नव्हती, हेही गाणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. मालकाला त्यात निव्वळ भक्ती ऐकू येत असेल, तर तो त्याच्या कानांचा दोष.

अशी गीते सभागृहात तिकीट लावून गावीत का? हा प्रश्न प्रथम त्या गुलामांच्या मुलांनाच पडला. नॅशव्हिल येथील फिस्क ही मुक्त कृष्णवर्णीयांसाठी १८६६ मध्ये सुरू झालेली संस्था लवकरच कर्जात बुडाली. तेव्हा तिचे कोषाध्यक्ष जॉर्ज व्हाइट ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गायनाच्या दौऱ्यावर निघाले. लेवीय ग्रंथातील बंधमुक्तीच्या वर्षावरून त्यांनी पथकाचे नाव ‘जुबिली सिंगर्स’ असे ठेवले. आरंभी कार्यक्रमात युरोपीय रचनाच अधिक असत. पियानोवादक एला शेपर्ड, जी स्वतः गुलामगिरीत जन्मली होती, हिने पुढे लिहून ठेवले की ही गीते त्यांच्या आईवडिलांची पवित्र ठेव होती. ती चारचौघांत गाण्याचा विचारही मुलांना शिवला नव्हता. दारे बंद करूनच ती गायली जात. हा संकोच मला त्या संपूर्ण इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी गोष्ट वाटते. पण श्रोत्यांना हवी होती ती हीच गीते. १८७३ मध्ये पथकाने ती इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर गायिली आणि मिळालेल्या पैशातून फिस्कचे ‘जुबिली हॉल’ उभे राहिले.

यानंतरचे मोठे नाव हॅरी बर्ली यांचे. त्यांचे आजोबा गुलामगिरीतून मुक्त झालेले, दृष्टी गमावलेले. नातवाच्या कानी ही गीते पडली ती त्यांच्याच तोंडून. न्यूयॉर्कच्या संगीतविद्यालयात बर्ली शिकत असताना तेथे संचालक होते बोहेमियाचे अंतोनिन द्वोर्झाक. त्यांनी ही गीते बर्लींकडून पुन्हा पुन्हा ऐकली. (द्वोर्झाक यांच्या १८९३ च्या नवव्या सिंफनीतील संथ धून पुष्कळ जण जुने स्पिरिच्युअल समजतात. ती त्यांची स्वतःची आहे; तिच्यावर शब्द चढवले ते त्यांच्या एका शिष्याने, १९२२ मध्ये.) ‘डीप रिव्हर’ हे गीत एकल गायकासाठी पियानोच्या साथीने बर्ली यांनी १९१६-१७ च्या सुमारास बांधले आणि ते जगभर पोहोचले. ही गीते थट्टेच्या, नकलेच्या सुरात गाऊ नका, असे त्यांनी गायकांना बजावले होते.

लेखिका झोरा नील हर्स्टन यांना मात्र हे मान्य नव्हते. १९३४ मध्ये त्यांनी लिहिले की सभागृहात गायिली जातात ती खरी स्पिरिच्युअल्स नव्हेतच. खरे गीत प्रत्येक वेळी नवे घडते, त्याचे सूर खडबडीत असतात, ते तालमीत घोटून गुळगुळीत केले की मरते.

कॉन्सर्ट बँडसाठी हे गीत बांधताना हा आक्षेप अधिकच टोचतो, कारण तेथे शब्दही उरत नाहीत. या बँडमध्ये व्हायोलिन नसते. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा आणि तालवाद्ये एवढाच संसार. आपल्या सणाच्या मिरवणुकीतील बँडचा हा थोरला, बैठा भाऊ म्हणा. सोपा मार्ग म्हणजे साऱ्यांनी मिळून धून वाजवावी आणि शेवटी झांजांचा कल्लोळ करावा. मग प्रार्थनेची कवायत होते. जाणकार संयोजक पुढाऱ्याची ओळ एकट्या हॉर्नला किंवा युफोनियमला देतो आणि उत्तर खालच्या क्लॅरिनेटांना व ट्रॉम्बोनांना. नळी सरकवून वाजवायच्या ट्रॉम्बोनला ती स्वरांमधली निनावी जागा गाठता येते, पियानोला येत नाही. आणि फुंकवाद्याला माणसासारखा श्वास घ्यावा लागतो. लांबलेला स्वर तुटू नये म्हणून वादक आळीपाळीने श्वास घेतात. मंडळी एकत्र गाताना नकळत करते तेच. या बाबतीत फुंकवाद्ये तंतुवाद्यांपेक्षा मूळ गीताच्या अधिक जवळची आहेत, असे माझे मत आहे.

कृष्णवर्णीय संगीतकार विल्यम ग्रँट स्टिल यांनी उमेदीच्या काळात ओबो वाजवून पोट भरले होते, त्यामुळे फुंकवाद्ये त्यांना आतून ठाऊक होती. १९४५ मध्ये त्यांनी बँडसाठी ‘फ्रॉम द डेल्टा’ ही रचना केली. तिचे तीन भाग आहेत : पहिले श्रमगीत, शेवटी नृत्य आणि या दोहोंच्या मध्ये स्पिरिच्युअल.